सामने संपल्यावर तिथे खेळणार कोण?

प्रिय अनिकेत,

तुझं पत्र येऊन पंधरवडा झाला, उत्तराला उशीर झाला खरा. ती पहाट तुला अजून आठवते, हे वाचून मजा वाटली. २०१४चा फुटबॉल विश्वचषक, ब्राझीलच्या मनौस शहरातली इंग्लंड-इटली मॅच. दमट हवेनं खेळाडू घामाघूम झाले होते, इटलीनं २-१ मारली, आणि तू मात्र विणलेल्या टोपलीसारख्या त्या स्टेडियमवरच खूश!

असं स्टेडियम म्हणजे शहराला कायमची देणगी, असं तू लिहितोस. इथेच आपलं बिनसतं. विश्वचषकाचे तिथे चारच सामने झाले. त्यानंतर? शहरातले क्लब तेव्हा खालच्या श्रेणीत. चाळीस हजारांवर खुर्च्या भरायच्या कुणी? राजधानी ब्राझिलियात तर वर्षभरातच स्टेडियमच्या पार्किंगमध्ये शहराच्या बसगाड्या उभ्या राहू लागल्या.

पांढरे हत्ती, म्हणजे खर्चिक पण निरुपयोगी, म्हणून मी मोकळा होणार होतो, पण ब्राझीलच्याच कुयाबा शहरानं घोळ केला. तिथल्या अरेना पंतनाल स्टेडियमचीही अशीच टर उडवली गेली होती. पण २००१ साली सुरू झालेला तिथला क्लब २०२१मध्ये थेट पहिल्या श्रेणीत खेळला, आणि ब्राझीलचे नावाजलेले संघ त्या मैदानात येऊ लागले.

बरं, क्लब असला म्हणजे भागतं असंही नाही. इटलीतल्या तुरिनमध्ये युव्हेंतससारखा मोठा क्लब होता की! तरी १९९०च्या विश्वचषकासाठी बांधलेलं देले आल्पी स्टेडियम कधी रुजलंच नाही. मैदानाभोवती धावण्याचा ट्रॅक, त्यामुळे प्रेक्षक खेळापासून लांब. दुर्बीण घेऊनच बसायचं जणू. शेवटी ते पाडलं आणि त्याच जागेवर २०११मध्ये क्लबनं स्वतःचं उभारलं, जेमतेम ४१,००० खुर्च्यांचं. लहान केलं तेव्हा कुठे ते भरू लागलं.

म्हणून मला अमेरिकेचं १९९४चं गणित पटतं. विश्वचषकासाठी वेगळं मोठं स्टेडियम बांधलंच नाही, त्यांच्या अमेरिकन फुटबॉलच्या मैदानांवरच भागवलं. तरी दर सामन्याला सरासरी ६८,०००हून जास्त प्रेक्षक! कतारनं २०२२मध्ये ९७४ कंटेनर वापरून उचलून नेता येईल असं स्टेडियम उभारलं, तेही मला आवडलं होतं. तू नाक मुरडशील, माहीत आहे.

आणि उरुग्वेतल्या मॉन्टेव्हिडिओचं सेंतेनारिओ स्टेडियम बघ. १९३०ची विश्वचषक स्पर्धा सुरू झाली तेव्हा ते तयारच नव्हतं, पाच दिवसांनी, १८ जुलैला उघडलं. उरुग्वेचा संघ आजही तिथेच खेळतो. तिथली एखादी मॅच लागली की कळव, एकत्र बघू. छत न्याहाळत बसायची सोय तिथे फारशी नाहीच.

तुझा,
सुहास