नृत्यवर्गांची दारे स्वमग्न मुलांनाही खुली हवीत

संपादक महोदय,

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ दिव्यांगत्वांत स्वमग्नतेचा (ऑटिझमचा) समावेश आहे आणि त्याच कायद्याचे कलम २९ सांस्कृतिक जीवनातील समान सहभागाविषयी आहे. तरीही स्वमग्न मुलासाठी कथकचा वर्ग शोधणाऱ्या पालकांना बहुधा ‘त्याला झेपणार नाही’ एवढेच ऐकावे लागते. वास्तविक ठरलेली लय, तोच क्रम आणि पुनःपुन्हा घोटून घेणे ही आपल्या नृत्यशिक्षणाची रीत अशा अनेक मुलांना मानवते. अडचण येते ती बंद खोलीत साऱ्यांचा घुंगरू बांधून तत्कार, म्हणजे तालावरचा पदन्यास, एकदम सुरू होतो तेव्हा. माझी मुलगी अशा वेळी कान दाबून भिंतीकडे तोंड करते. मात्र दाराजवळची ठरावीक जागा मिळाली आणि पहिली काही मिनिटे घुंगरांविना गेली, की तीच नृत्याचे बोल म्हणत सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, अचूक गाठते. गुरूंनी मुद्रा शिकवताना न विचारता हात धरू नये आणि त्या दिवशीचा क्रम फळ्यावर चित्रांनी मांडावा. याला खर्च जवळजवळ नाहीच.

ब्रिटनमधील अनेक नाट्यगृहांत दिवे पूर्ण न मालवता, आवाज मर्यादित ठेवून आणि मध्येच उठण्याची, आवाज करण्याची मुभा देऊन खास प्रयोग होतात. आपल्या महापालिकांनीही नृत्यमहोत्सवांत असा किमान एक प्रयोग ठेवावा आणि तिसऱ्या घंटेआधी त्याची कल्पना सर्व प्रेक्षकांना द्यावी, ही विनंती.

– एक पालक, पुणे