ओर्व्हिएतोहून पत्र

१२ जुलै

ती. आई-बाबांना सा. न.

फोनवर "जेवलीस का, झोप लागते का" यातच वेळ जातो, म्हणून आज निवांत लिहायला बसलेय.

इटलीतलं हे गाव टुफा नावाच्या मऊ ज्वालामुखी दगडाच्या कड्यावर वसलंय. खालून बघताना अजिंक्यतारा आठवतो, फक्त इथे वर नांदतं गाव आहे. स्टेशनवरून दोराने ओढलेली छोटी गाडी वर आणते.

बाबा, काल इथली विहीर पाहिली आणि तुम्ही हवे होतात असं फार वाटलं. १५२७ मध्ये रोम लुटलं गेलं, तेव्हा पोप सातवा क्लेमेंट इथे आश्रयाला आला. वेढा पडला तर पाणी कुठून आणायचं, या धास्तीने त्याने ती खोदायला लावली. खोली ५३ मीटर! भिंतीत एकमेकांभोवती फिरणारे दोन जिने आहेत. खेचरं एकाने उतरायची, तळाचा पूल ओलांडून पाणी घेऊन दुसऱ्याने चढायची. वाटेत समोरासमोर यायचा प्रश्नच नाही. २४८ पायऱ्या मोजत उतरले. अर्ध्यावर एका खिडकीच्या कडेला हात टेकला, तर दगड गार, ओलसर, अगदी लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीत लागतो तसा. तिथे तुम्ही मला घट्ट धरून पाणी दाखवलं होतंत.

आई, घरमालकीण आजींनी परवा उंब्रिकेल्ली, म्हणजे इथला पास्ता, करायला बसवलं. नुसतं गव्हाचं पीठ आणि पाणी. गोळा फळीवर तळहाताने वळत लांब, जाडसर दोरी करायची. माझी सारखी तुटत होती. शेवटी आजींनी माझ्या हातावर हात ठेवून वळवून दाखवलं. तू गच्चीत शेवया वळायचीस तेव्हा शिकायला बोलवायचीस, आणि मी पळून जायचे. परवा त्याचं फार वाईट वाटलं. आल्यावर शिकव.

इथल्या पावात मीठच नसतं. पहिला घास घेतला आणि बाबा, तुमचं ताट डोळ्यांसमोर आलं. दोन वर्षं तुम्ही अळणी आमटी एका शब्दाने कुरकुर न करता जेवताय. पण हाच पाव भाजून, लसूण चोळून, वर ऑलिव्हचं तेल घातलं की मिठाची आठवण येत नाही. तुम्हाला तो करून घालायचाय.

पुढच्या उन्हाळ्यात दोघं याच. गुडघ्यांची काळजी नको, गाडी आहे. विहीर मात्र वरूनच बघायची. पासपोर्ट कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहेत, मुदत बघून कळवा.

तुमची,
मनू