अनॅलॉग गेले, जागा रिकामीच राहिली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दूरदर्शनची जमिनीवरील, म्हणजे मनोऱ्यावरून छपरावरच्या अँटेनापर्यंत चित्र पोचवणारी, जुन्या अनॅलॉग पद्धतीची प्रक्षेपण केंद्रे बंद करण्याचा शेवटचा टप्पा प्रसार भारतीने ऑक्टोबर २०२१मध्ये जाहीर केला. मोक्याच्या ठिकाणची सुमारे ५० केंद्रे वगळता बाकीची मार्च २०२२पर्यंत थांबणार होती. कालबाह्य यंत्रणा मोडीत काढण्याला माझा विरोध नाही. एक अनॅलॉग वाहिनी लहरींच्या पट्ट्यात जेवढी जागा अडवते तेवढ्यात डिजिटल पद्धतीने अनेक वाहिन्या बसतात, हे मला ठाऊक आहे. माझी तक्रार एवढीच की, जे काढून घेतले त्याच्या जागी त्याच जातीचे काही आम्हाला मिळाले नाही.

आमच्या कौलांवर कित्येक वर्षे अँटेना होता. वाऱ्याने खांब फिरला की पडद्यावर मुंग्या येत, मग एकाने खांब धरायचा आणि दुसऱ्याने आतून 'आलं, आलं' असे ओरडायचे. पण मुंग्यांतूनही बातम्यांचा आवाज नीट ऐकू येई. आता तिथे फ्री डिशची छत्री आहे. उघडीप असताना चित्र लख्ख दिसते, मासिक शुल्कही नाही, हे मान्यच केले पाहिजे. परंतु आषाढातली जोराची सर आली की तेच चित्र चौकोनाचौकोनांत फुटते, आवाज तुटतो आणि शेवटी 'सिग्नल नाही' एवढीच पाटी उरते. उपग्रहाकडून येणाऱ्या केयू बँडच्या लहरी इतक्या आखूड असतात की मुसळधार पाऊस त्या वाटेतच शोषून घेतो. मनोऱ्यावरून येणाऱ्या लांब लहरींना पावसाचा तसा अडथळा होत नाही.

म्हणजे हवामानाचा इशारा ऐकण्याची सर्वांत जास्त गरज असते, नेमका तेव्हाच आमचा संच मुका होतो. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, ते कोकणातला माणूस विसरलेला नाही. वादळात वीज गेली की संचही बंद पडतो, हे खरे; पण त्याआधीचे काही तास गुरे सोडायला, होड्या ओढून घ्यायला, म्हाताऱ्या माणसांना पक्क्या घरात हलवायला मिळतात, आणि बातमी पोचायला हवी ती त्याच वेळात.

यावर उपाय नवा शोधायचा नाही. दूरदर्शनने २०१६मध्ये १६ शहरांत डीव्हीबी-टी२ पद्धतीचे डिजिटल प्रक्षेपण मनोऱ्यांवरून सुरू केले. त्यांत आपल्या राज्यातील मुंबई आणि औरंगाबाद होती. पण मुंबईत घरोघरी केबल आहे, तिथल्यापेक्षा त्याची गरज किनाऱ्यावर आणि घाटमाथ्यावर अधिक आहे. ब्रिटनमध्ये २०१२ साली अनॅलॉग पूर्ण बंद झाले तेव्हा छपरावरच्या अँटेनावर चालणारे डिजिटल प्रक्षेपण आधीच सुरू होते आणि ७५ वर्षांवरील नागरिकांना नवी जोडणी करून देण्याची वेगळी योजनाही होती.

जिथे जुने मनोरे अजून उभे आहेत तिथे, निदान रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांत, हे डिजिटल प्रक्षेपण सुरू करावे आणि डोंगराआडच्या वाड्यांसाठी लहान केंद्रे द्यावीत. शिवाय देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक संचात ते पकडण्याची सोय कारखान्यातूनच असावी, कारण ती नसेल तर वेगळी पेटी विकत घेण्याचा भुर्दंड पुन्हा याच घरांवर पडेल. आमच्या लोकप्रतिनिधींनी हा विषय माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे लावून धरावा, अशी आपल्या पत्रातून विनंती करते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, जि. रत्नागिरी