तांब्याच्या भांड्याने हिमोग्लोबिन वाढत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रात्रभर तांब्याच्या भांड्यात ठेवलेले पाणी प्यायल्याने रक्त वाढते, हा सल्ला मराठवाड्यात घरोघरी दिला जातो. हल्ली व्हॉट्सअॅपवर त्याला 'तांबे लोहाला मदत करते' असे शास्त्रीय शेपूटही जोडलेले असते. शेपूट खरे आहे, सल्ला नाही.

यकृतात सेरुलोप्लाझ्मिन नावाचे निळसर प्रथिन तयार होते. स्वीडनच्या होल्मबर्ग आणि लॉरेल यांनी १९४८ मध्ये त्याचे वर्णन केले. त्याच्या एका रेणूत तांब्याचे सहा अणू असतात. लोहाची फेरस आणि फेरिक अशी दोन रासायनिक रूपे असतात. पेशीतून लोह बाहेर पडते ते फेरस रूपात. रक्तातून ते वाहून नेणारे ट्रान्स्फरिन मात्र फेरिक लोहच उचलते. हा बदल सेरुलोप्लाझ्मिन घडवते. ते नसेल तर लोह यकृतात, स्वादुपिंडात आणि मेंदूत अडकून पडते आणि रक्तपेशी तयार करणाऱ्या अस्थिमज्जेला कमी पडते. अशा दुर्मीळ रुग्णात रक्तातले लोह कमी, पण फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) भरपूर, असा उलटा रिपोर्ट येतो.

पण तांबे जास्त घेतले म्हणून हे प्रथिन वाढत नाही. प्रौढाला दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम तांबे पुरते. भाकरी, डाळ, शेंगदाणे आणि तिळाची चटणी यांतून ते सहसा मिळते. उरलेले पित्तावाटे बाहेर जाते. आपल्याकडच्या रक्तक्षयात बहुतेकदा कमी असते ते लोहच: पाळीतला जास्त रक्तस्राव, लागोपाठची बाळंतपणे, जंत. गरोदरपणातली सरकारी लाल गोळी ६० मिलिग्रॅम लोहाची, रोज एक, १८० दिवस. ती चहासोबत किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर लोह नीट शोषले जात नाही. दोन तासांचे अंतर ठेवावे.

तांबे खरोखर कमी पडते ते वेगळ्याच लोकांत. कोरोनाकाळात सुरू झालेली ५० मिलिग्रॅम झिंकची गोळी कुणालाही न विचारता महिनोन्‌महिने घेणारे आजही भेटतात. झिंकमुळे आतड्याच्या पेशी तांबे धरून ठेवतात आणि त्या झडल्या की ते शौचावाटे जाते. लोह देऊनही हिमोग्लोबिन हलत नाही, पांढऱ्या पेशीही घटल्या आहेत, पायांना मुंग्या येतात, चालताना तोल जातो, असे असेल तर रक्तातले तांबे आणि सेरुलोप्लाझ्मिन तपासावे. ताप, गरोदरपण आणि गर्भनिरोधक गोळ्या यांत हे प्रथिन वाढते, त्यामुळे 'नॉर्मल' आकडा फसवू शकतो. सोबत सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) पाहावे.

तांब्याचे पाणी ज्यांनी कटाक्षाने टाळावे, ते विल्सन या आनुवंशिक आजाराचे रुग्ण. त्यांचे यकृत तांबे पित्तात टाकू शकत नाही. मुलाला वारंवार कावीळ होणे, हात थरथरणे, अक्षर बिघडणे ही त्याची लक्षणे. सेरुलोप्लाझ्मिन सहसा २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असते. पुढची तपासणी २४ तासांच्या लघवीतल्या तांब्याची. प्रौढात १०० मायक्रोग्रॅमच्या वर गेले की संशय बळावतो. सकाळची पहिली लघवी टाकून द्यावी. तिथून दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लघवीपर्यंत सगळी जमा करावी. घरातली बाटली चालत नाही, प्रयोगशाळेनेच दिलेला कॅन घ्यावा. मामाच्या मुलीशी किंवा भाचीशी लग्नाची पद्धत असलेल्या घरांत हा आजार उतरण्याची शक्यता अधिक असते. एका मुलात तो सापडला, तर प्रत्येक सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक. त्यांची तपासणी लक्षणे दिसण्याआधीच करून घ्यावी.

– दोन पॅथॉलॉजिस्ट, लातूर