कार्नेगीच्या दानाबद्दल, मैत्रेयीस

चि. मैत्रेयीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. वर्गात मांडायच्या निबंधात तू अमेरिकेचा पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी याची बाजू घेणार आहेस. ज्याने जवळजवळ सगळी संपत्ती वाटून टाकली, अडीच हजारांवर ग्रंथालयं बांधून दिली, त्याला लुटारू कोणत्या तोंडाने म्हणायचं, असं तू विचारलंस. फोनवर या विषयाला न्याय मिळाला नसता, म्हणून सविस्तर लिहितोय.

त्याच्या बाजूचं आधी सांगतो, कारण ते खरं आहे आणि मला ते मनापासून भावतं. स्कॉटलंडमधल्या डनफर्मलाइनला त्याचे वडील हातमागावर कापड विणायचे. वाफेवरचे माग आले आणि त्यांचं काम गेलं. १८४८ साली कुटुंब तुझ्या पिट्सबर्गजवळ येऊन राहिलं. तेराव्या वर्षी हा मुलगा कापडगिरणीत बॉबिन, म्हणजे सुताची रिळं, बदलायला लागला, आठवड्याला १ डॉलर २० सेंट पगारावर. पुढे तारऑफिसात पोऱ्या झाला. कर्नल अँडरसन नावाच्या गृहस्थांनी कामकरी मुलांसाठी स्वतःची पुस्तकं खुली केली होती, तिथे तो शिकला. ग्रंथालयांचं वेड तिथूनच आलं आणि त्यात काहीही खोटं नव्हतं. तू शिकतेस ती संस्थासुद्धा त्याने १९०० साली कामगारांच्या मुलांसाठी म्हणून काढली. ते ऋण मानायलाच हवं.

आता दुसरी बाजू. १८७५ मध्ये ब्रॅडॉकला त्याचा एडगर थॉमसन कारखाना सुरू झाला. रेल्वेला रूळ हवे होते, बेसेमर पद्धतीने पोलाद स्वस्तात होत होतं आणि परदेशी रुळांवर सरकारने जबर आयातकर बसवला होता. कार्नेगीचं वेगळेपण होतं ते त्याच्या हिशेबात. टनामागे कोळसा किती, खनिज किती, मजुरी किती, हे सगळं त्याला कागदावर लागायचं आणि गेल्या महिन्यापेक्षा आकडा का वाढला, याचा जाब तो विचारायचा. कोळशाचे भाव वगैरे खाली आणायला खाणी आणि भट्ट्याच ताब्यात घेता येतात. मजुरी खाली आणायची तर माणसांशीच गाठ पडते.

त्या कारखान्याचा प्रमुख, कॅप्टन बिल जोन्स, आठ तासांच्या पाळीचा पुरस्कर्ता होता. थकलेला माणूस चांगलं काम करत नाही, असं त्याचं मत होतं आणि काही वर्षं तिथे आठ तासांच्या पाळ्या चालल्यादेखील. १८८८ मध्ये कार्नेगीने पुन्हा बारा तास आणले. भट्टीवरच्या कित्येकांना आठवड्याचे सातही दिवस काम. आणि दर पंधरवड्याला दिवसपाळी-रात्रपाळीची अदलाबदल व्हायची तेव्हा सलग चोवीस तास. त्याला ते 'लाँग टर्न' म्हणत. तुझ्या आजोबांनी लालबागच्या गिरणीत साचे चालवले. आठ तासांच्या पाळीनंतर त्यांचे पाय कसे सुजायचे ते मी पाहिलंय. वितळलेल्या पोलादापुढे चोवीस तास उभं राहायचं म्हणजे काय, याची कल्पनासुद्धा मला करवत नाही.

होमस्टेडचं, म्हणजे पिट्सबर्गजवळच्या त्याच्या दुसऱ्या कारखान्याचं, प्रकरण मात्र तू नीट समजून घे. तू ज्यांच्यावर विसंबून आहेस ती पुस्तकं ते दोन ओळींत उरकतात. तिथल्या कुशल कामगारांची मजुरी पोलादाच्या बाजारभावाशी बांधलेली होती. भाव चढला की मजुरी चढे, उतरला की उतरे, पण टनाला २५ डॉलर ही खालची मर्यादा होती. भाव त्याहून घसरला तरी मजुरी त्या रेषेखाली जाणार नाही, असा करार होता. तो ३० जून १८९२ ला संपत होता. कंपनी म्हणाली, मर्यादा २२ करा. घासाघीस झाली. कंपनी २३ वर आली, युनियन २४ वर. म्हणजे भांडण एका डॉलरवर येऊन ठेपलं होतं. शिवाय करार यापुढे जूनऐवजी डिसेंबरअखेर संपावा, असा कंपनीचा आग्रह. का, ते तुझ्या लक्षात येईल. पेनसिल्व्हेनियाच्या थंडीत, घरात कोळसा नसताना संपावर कोण किती दिवस टिकणार?

एका डॉलरसाठी एवढा मोठा कारखाना बंद ठेवायची गरज नव्हती. कंपनीला युनियनच नको होती. कारखाना यापुढे युनियनशिवाय चालेल, अशा नोटिशीचा मसुदा कार्नेगीने एप्रिलमध्येच लिहून ठेवला होता. मग सूत्रं कंपनीचा कारभार पाहणाऱ्या हेन्री फ्रिकच्या हाती देऊन तो स्कॉटलंडला गेला. फ्रिकने कारखान्याभोवती उंच कुंपण घातलं आणि टाळेबंदी केली. ६ जुलैच्या पहाटे मोनोंगहेला नदीतून दोन तराफ्यांवर पिंकर्टन या भाडोत्री पहारेकरी पुरवणाऱ्या खासगी एजन्सीची तीनशे हत्यारबंद माणसं आली. काठावर कामगार, त्यांच्या बायका, सगळं गाव. दिवसभर गोळीबार चालला. दोन्हीकडची मिळून निदान दहा माणसं गेली. शरण आलेल्या पिंकर्टनांना जमावाने बेदम मारलं, तेही सांगायला हवं. मग राज्याचं सैन्य आलं, कारखाना बाहेरच्या कामगारांवर सुरू झाला आणि नोव्हेंबरात संप मोडला. पोलाद उद्योगात युनियनला पुन्हा पाय रोवायला १९३७ उजाडलं.

मैत्रेयी, याच कार्नेगीने १८८६ मध्ये लेख लिहून कामगारांच्या संघटनेचा हक्क मान्य केला होता. दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन त्याचं काम घेऊ नये, हा कामगारांचा अलिखित कायदा आहे, असं त्याने सहानुभूतीने म्हटलं होतं. सहा वर्षांनी त्याच्याच कारखान्यात नेमकं तेच झालं.

१९०१ मध्ये बँकर जे. पी. मॉर्गनने ४८ कोटी डॉलरला त्याची कंपनी घेतली आणि यू. एस. स्टील उभी केली. दानधर्माचा मोठा भाग त्यानंतरचा. होमस्टेडलाही १८९८ मध्ये त्याने ग्रंथालय दिलं होतं, देखणं, पोहण्याच्या तलावासकट. बारा तास भट्टीवर राबून आलेला माणूस तिथे कधी बसणार होता? कामगारांना काय हवं ते कामगार सांगत होते, टनाचा दर आणि पाळीचे तास. ते त्यांनी ठरवायचं नाही, त्यांच्या भल्याचं मी ठरवीन, हे कार्नेगीचं म्हणणं. माझा आक्षेप इथे आहे. त्याची नियत वाईट होती असं मी म्हणत नाही. पण मजुरीतून वाचवलेला पैसा आपल्या मर्जीने परत करणं आणि मजुरी देणं, या दोन गोष्टी तुझ्या निबंधात एक होऊन गेल्यात.

काळच तसा होता, हा तुझा मुद्दा मला पटत नाही. जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्याचा आराखडा पिट्सबर्गच्याच ज्युलियन केनेडीच्या कंपनीने केला, आणि हा केनेडी आधी कार्नेगीच्या कारखान्यांत अधिकारी होता. त्या जमशेदपुरात १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस लागू झाला. अमेरिकेच्या पोलाद कारखान्यांतले बारा तास १९२३ पर्यंत सुटले नाहीत. तंत्र तेच, भट्ट्या त्याच, मालकाचा निर्णय वेगळा.

तुम्ही मैत्रिणी सिनेमाला जाता तो वॉटरफ्रंट मॉल म्हणजेच होमस्टेडचा कारखाना. १९८६ मध्ये तो बंद पडला. विटांची बारा धुराडी ठेवलीत, ती तू पाहिली असशील. नदीकाठाने थोडं पुढे गेलीस तर जुनं पंप हाउस लागेल. पिंकर्टनांचे तराफे तिथेच लागले होते. एकदा उजेडी जाऊन ये आणि पाण्यापासून काठ किती उंच आहे ते बघ, म्हणजे त्या पहाटे कोण कुठे उभं होतं ते कळेल.

निबंध बदलायलाच हवा असं नाही. फक्त १८८६ चा लेख आणि १८९२ ची नोटीस शेजारी ठेवून वाच आणि मग तुझं मत लिही. ते कार्नेगीच्या बाजूचं राहिलं तरी मला पाठव. मुद्देसूद उत्तर देईन.

आईचे आशीर्वाद. जेवणाची हेळसांड करू नकोस.

तुझे,
बाबा