टोपीवरची किमतीची चिठ्ठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जुन्या अमेरिकन विनोदी कार्यक्रमांवरचा लेख वाचला. लेख मनापासून लिहिला आहे. पण त्यातली सगळी माणसं न्यूयॉर्कच्या फ्लॅटात नाहीतर कॅलिफोर्नियाच्या बंगल्यात राहणारी. खेड्यापाड्यातली अमेरिका त्यात कुठेच नाही, आणि 'कंट्री' संगीताची, म्हणजे तिकडच्या खेड्यापाड्यातल्या गाण्यांची, बोळवण तर 'घोडा, व्हिस्की आणि रडगाणं' अशा एका ओळीत केली आहे. ती ओळ दोन दिवस मनात खुपत राहिली, म्हणून हे पत्र.

मी मूळची कागलची. १९७६ साली लग्न होऊन टेनेसीत गेले. नॅशव्हिलपासून गाडीने तासाभरावरचं गाव, यजमान तिथल्या कारखान्यात. गावाभोवती तंबाखूची शेतं होती. कोठारात तंबाखू टांगायचा आणि खाली लाकडाचा भुसा पेटवून त्याला धुरी द्यायची, अशी तिकडची रीत. पहिल्यांदा त्या कोठारातून धूर निघताना पाहिला तेव्हा मला वाटलं आग लागली. मग वारा आमच्याकडे वळला आणि तो वास आला. निपाणीच्या रस्त्याने आपण जातोय असं वाटून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

कॉलेजात माझं इंग्रजी चांगलं होतं, पण तिथल्या लोकांचं हेल काढून बोलणं मला कळायचं नाही. शेजारी एक म्हातारी आजी एकटी राहायची. दर शनिवारी संध्याकाळी ती मला हाताला धरून तिच्या घरी न्यायची आणि टीव्हीसमोर बसवायची. कार्यक्रमाचं नाव 'ही हॉ'. गाढव ओरडतं ना, तेच हे नाव, आणि पडद्यावर चित्रातलं गाढवही यायचं. सूत्रधार दोघे, बक ओवेन्स आणि रॉय क्लार्क. एकजण गिटार वाजवायचा, दुसरा बँजो हे गिटारसारखंच तारांचं वाद्य, आणि दोन तुकडे वाजवून झाले की मध्येच एक दोन ओळींचा विनोद. रॉय क्लार्कचा हात बँजोवर चालायला लागला की आजी स्वयंपाकघरातून हात पुसत पळत यायची.

मक्याच्या कणसांमधून माणसं एकदम डोकं वर काढायची, एक विनोद सांगायची आणि खाली बसायची. विनोद फसला की कुंपणाची फळी उडून सांगणाऱ्याला मागून फटका द्यायची. हे सगळं वर्षातून दोनदाच, सलग चित्रित व्हायचं. कणसांतले सगळे विनोद एका झपाट्यात, मग पुढचा सगळा प्रसंग, आणि मग कापून जोडून भाग तयार. हे मला कितीतरी वर्षांनी कळलं. पाहताना सगळी मंडळी आत्ता, याच संध्याकाळी जमली आहेत असंच वाटायचं.

मला सर्वांत आवडायचे ग्रँडपा जोन्स. विशी नुकतीच ओलांडलेली असताना त्यांनी मिशा चिकटवून म्हाताऱ्याचं सोंग घेतलं आणि तेच सोंग करता करता खरोखरचे म्हातारे झाले. खिडकीशी उभे राहून ते काच पुसायचे, तेवढ्यात सगळे ओरडून विचारायचे, आजोबा, रात्रीला काय आहे? मग आजोबा फडक्याचा हात चौकटीतून आरपार बाहेर काढायचे, कारण काच नसायचीच, आणि यमक जुळवत जेवणाचे पदार्थ सांगायचे. मक्याची भाकरी, चवळी, पालेभाजी, ताक. तिकडची माणसं मक्याची भाकरी ताकात कुस्करून खातात. आमच्या घरी ज्वारीची खायचो. त्या देशातलं बोलणं मी या आजोबांच्या जेवणापासून शिकत गेले.

आणि मिनी पर्ल! फुलाफुलांचा झगा, डोक्यावर गवती टोपी, टोपीला लोंबणारी १ डॉलर ९८ सेंटची चिठ्ठी. आल्या आल्या 'हाऊडीऽऽ' अशी आरोळी, आणि सगळं सभागृह तशीच आरोळी उलट द्यायचं. ही बाई म्हणजे सेरा ओफेलिया कॉली, टेनेसीतल्या सेंटरव्हिलच्या सुखवस्तू घरातली, नाट्यशास्त्र शिकलेली. गावोगाव हौशी लोकांची नाटकं बसवत फिरताना अलाबामात डोंगरातल्या एका बाईच्या घरी ती मुक्कामाला राहिली. त्या बाईच्या बोलण्यातून मिनी पर्ल जन्मली. टोपीला नवी फुलं लावताना किमतीची चिठ्ठी काढायची राहून गेली, लोक हसले, आणि पुढे आयुष्यभर ती चिठ्ठी टोपीवरच राहिली. तिचे विनोद भावावर, नात्यातल्या माणसांवर, आणि लग्न जमत नाही म्हणून स्वतःवर. गावाला कमी लेखणारा एकही शब्द त्यात नसे. गाववाल्याची शहरात फजिती दाखवून शहरवाल्यांना हसवणं वेगळं, आणि गाववाल्यांनी आपल्या अंगणात बसून आपल्याच खोडींवर हसणं वेगळं. हा फरक त्या लेखात हवा होता.

कारण गाव आणि शहर या भेदापायीच तो कार्यक्रम वाहिनीवरून बंद पाडला गेला होता. 'ही हॉ' १९६९ च्या जूनमध्ये सीबीएस वाहिनीवर सुरू झाला. चांगला चालत असताना १९७१ साली वाहिनीने तो काढून टाकला, आणि त्याबरोबर खेड्यातली पात्रं असलेल्या आणखी कितीतरी मालिका. प्रेक्षक भरपूर होते. पण जाहिरातदारांना हवे होते शहरातले तरुण. त्यातल्याच एका मालिकेतले नट पॅट बटरम म्हणाले होते की त्या वर्षी वाहिनीने झाड दिसेल तो प्रत्येक कार्यक्रम मारून टाकला. निर्मात्यांनी हार मानली नाही. गावोगावच्या स्थानिक केंद्रांना ते थेट भाग विकू लागले आणि १९९२ पर्यंत नवे भाग काढत राहिले. वाहिनीवर दोन वर्षं, लोकांच्या जिवावर एकवीस!

सगळंच गोड होतं असं मी म्हणत नाही. कणसांमधल्या मुलींचे तोकडे कपडे मला तेव्हाही खटकायचे. आणि गोऱ्या माणसांचं संगीत म्हणून जे मिरवलं जातं, त्यातला बँजो मुळात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचं वाद्य. नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या रेडिओ कार्यक्रमाच्या पहिल्या काळातले लाडके वादक डीफोर्ड बेली काळे होते. माउथ ऑर्गनवर ते आगगाडी धावताना ऐकवायचे. १९४१ साली त्यांना काढून टाकलं, आणि त्यांनी त्याच शहरात लोकांचे बूट पॉलिश करण्याच्या दुकानावर आयुष्य काढलं. २००५ साली त्यांचं नाव कंट्री संगीताच्या मानकऱ्यांत घातलं गेलं, तेव्हा त्यांना जाऊन तेवीस वर्षं झाली होती. हे आठवलं की मला अजून वाईट वाटतं. म्हणूनच कंट्री गायक जॉनी कॅश यांच्या टीव्ही कार्यक्रमातलं १९७० सालचं एक चित्रण मी पुन्हा पुन्हा पाहते. जाझचे थोर काळे वादक लुई आर्मस्ट्राँग पाहुणे आले आहेत. चाळीस वर्षांपूर्वी गोरे कंट्री गायक जिमी रॉजर्स यांच्या ज्या ध्वनिमुद्रणात त्यांनी ट्रम्पेट वाजवला होता, तेच गाणं दोघे मिळून सादर करतात. वर्ष उलटायच्या आत आर्मस्ट्राँग गेले. ते चित्रण नसतं तर ती संध्याकाळ आपल्याला कुठून मिळाली असती?

प्रेक्षकांसमोर रंगमंचावर होणारा हा ऑप्री १९२५ सालचा, २०२५ मध्ये त्याची शंभरी झाली. ५० हजार वॅटच्या केंद्रावरून तो रात्री कितीतरी राज्यांत ऐकू जायचा. शेजारची आजी सांगायची की लहानपणी शनिवारी सगळी आळी एका घरी जमून रेडिओभोवती बसायची. १९७४ साली ऑप्री जुन्या रायमन सभागृहातून नव्या इमारतीत गेला, तेव्हा जुन्या रंगमंचाच्या फळ्यांचा गोल तुकडा कापून नव्या रंगमंचाच्या मधोमध बसवला. गायक त्या गोलावर उभा राहून गातो. २०१० च्या पुरात रंगमंच पाण्याखाली गेला, तरी तो गोल वाचवून पुन्हा बसवला.

१९८२ च्या उन्हाळ्यात माझी आई तिकडे आली होती. तिला आम्ही ऑप्रीला नेलं. नऊवारीतली माझी आई चर्चच्या बाकासारख्या त्या बाकावर ताठ बसली होती. मी तिला त्या गोलाची गोष्ट सांगितली. तिने बसल्या जागेवरून त्या रंगमंचाला हात जोडले. पुढच्या ओळीतल्या एका गृहस्थांनी मागे वळून पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

माझी विनंती एवढीच आहे. त्या काळी चित्रफिती महाग, म्हणून तिकडच्या वाहिन्यांनी एकावर दुसरं मुद्रण करत कितीतरी कार्यक्रम पुसले. जॉनी कार्सन यांच्या 'टुनाइट शो' या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाची पहिल्या दहा वर्षांतली बहुतेक मुद्रणं अशीच गेली. जे वाचलंय त्यातलं काही लोकांच्या कपाटात आहे. परदेशात राहून आलेल्या आणि इथल्याही घरांतून जुन्या कॅसेटी असतील, त्यांवर बुरशी धरायच्या आत त्या संगणकावर उतरवून घ्या, असं आवाहन आपण वाचकांना करावं. आपण ते केलंत तर माझ्या घरातल्या एकवीस कॅसेटी कुणाला ऐकायला द्यायला मी आनंदाने तयार आहे.

त्यातली एक माझ्या मुलाने मागच्या महिन्यात संगणकावर घेतली. १९८२ मध्येच टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून मी 'ही हॉ'चा एक भाग मुद्रित केला होता. आरोळी येते, लोक हसतात, मिनी पर्ल बोलायला लागते. आणि त्या आवाजावर माझ्या आईचा आवाज, अगदी जवळून, "आगं, त्या बाईच्या टोपीची चिठ्ठी काढायची ऱ्हायलीया बघ. सांग की तिला कुनीतरी." मग मी काहीतरी समजावते, ते नीट ऐकू येत नाही. त्यानंतर आई हसते, खूप वेळ हसते, आणि तिच्याबरोबर शेजारची आजीही.

आपली,
एक वाचक, कोल्हापूर