शनिवारच्या वर्गाआधी

प्रिय मीनल,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, चौथीच्या मुलांना जेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारा लिबलिबीत पदार्थ, शिकवायचाय म्हणून पाण्यात फुगणाऱ्या रंगीत मण्यांचं पाकीट आणलंय. ते वर्गात नेऊ नकोस. मोहरीहून जरासा मोठा कोरडा मणी पाण्यात गोटीएवढा होतो. गिळला तर आतड्यातही फुगतो, वाट अडवतो, आणि एक्स-रेत बहुधा दिसत नाही. झालं, एवढंच सांगायचं होतं.

सुरुवात सब्ज्याने कर. चमचाभर सब्जा, वाटीभर पाणी, पंधरा मिनिटं. मग प्रत्येक बीभोवतीचं पारदर्शक वेष्टण मुलांना भिंगातून बघू दे. पाणी तिथेच आहे, पण लांबलचक रेणूंच्या जाळ्यात अडकल्यामुळे वाहत नाही. एवढं कळलं की दही, कोरफडीचा गर, खरवस ही नावं मुलंच घेतील. तू खरवसाची वाटी उलटी धरून बसायचीस, पडत का नाही म्हणून. आक्का ओरडायच्या आणि दादा पैज लावायचा. तेव्हापासूनच तुला कारण हवं असायचं.

मग चायना ग्रास, म्हणजेच अगार. 500 मिली गार पाण्यात 5 ग्रॅम पूड भिजव, ढवळत उकळी आण आणि दोन-तीन मिनिटं उकळू दे. नुसतं गरम केलंस तर पूड नीट विरघळत नाही, कण तळाशी बसतात आणि जेली पाणचट होते. लिंबू पिळायचं तर गॅस बंद केल्यावर. आंबटात उकळलं की जाळं तुटतं. फ्रिज नको. साधारण 35 ते 40 अंशांना ती घट्ट होते आणि 85 च्या आसपास तापवल्याशिवाय पुन्हा वितळत नाही. बर्लिनला जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायचं जिलेटिन उन्हाळ्यात पातळ व्हायचं, तेव्हा 1881 साली तिथल्या एका सहकाऱ्याच्या पत्नी फॅनी हेसे यांनी स्वयंपाकघरातलं हेच अगार सुचवलं. जंतू अजूनही त्यावरच वाढवतात. मुलींना हे नाव आवर्जून सांग.

जिलेटिनच्या एका वाटीत ताज्या, न शिजवलेल्या अननसाची फोड टाक. ती जेली घट्ट होणारच नाही, कारण अननसातलं विकर (एन्झाइम) जिलेटिनचं प्रथिन कापतं. अगार प्रथिन नाही, म्हणून ते अननस टाकूनही घट्ट होतं. जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांचं असतं. खायला देण्याआधी पालकांना विचार.

नवा डायपर पिशवीत फाडून झटक. तळाशी पडलेली अर्धा चमचा पूड अर्धा पेला पाणी धरून ठेवते. वर चमचाभर मीठ घाल, पाणी परत सुटेल: बाहेर खारट झालं की आत पाणी ओढणारी ताकद घटते. ही पूड तू हाताळ, मुलांच्या नाकातोंडात जाऊ देऊ नकोस. बेसिनमध्येही ओतू नकोस, पाइप तुंबेल. मण्यांमध्येही याच जातीचा पदार्थ असतो, म्हणून मी एवढी मागे लागलेय. घरात ओजस रांगतोय. एखादा मणी कोचाखाली घरंगळला तर तुला कळणारही नाही. कुणी गिळल्याची शंका आली तरी त्रास सुरू व्हायची वाट बघायची नाही, पाकीट घेऊन थेट डॉक्टरांकडे जायचं.

पुन्हा शिकवायला लागले. रागावू नकोस गं. मुलं सुट्टीतही तुला सोडत नाहीत हे बाबा येईल-जाईल त्याला सांगतात, आणि मीही अडवत नाही.

बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी बंदच दाखव. तिच्यातलं पाणी गेलंय, कोरडं जाळं उरलंय आणि ते हवेतली ओल धरतं. निळे दाणे असतील तर तीही नको, त्यात कोबाल्टचा विषारी क्षार असतो.

उकळतं अगार तूच ओत; ते कातडीला चिकटून भाजतं. उरलेली जेली झाकून ठेव. दुसऱ्या दिवशी भोवती थोडं पाणी सुटेल, बिघडली म्हणून टाकू नकोस. जाळं आवळतं तसं पाणी बाहेर येतं, दह्याला सुटतं तसंच. ते मुलांना सोमवारी दाखव.

तुझी,
आई